मुक्काम पोस्ट गिरगाव

‘ब्रेक’ या शब्दाशी माझी ओळख बेस्टच्या बसमधली. ड्रायव्हरनं तो दाबला की कंडक्टरनं घसा फोडूनही जागची न हललेली मंडळी आपोआप पुढे सरकतात. पण शहराचाही ब्रेक घेता येतो, हे माझ्या भाचीनं एडिंबरोहून फोनवर सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

“मामा, नागपूरला जाताना मध्ये दोन दिवस आम्ही मुंबईत सिटी ब्रेक घेणार आहोत.”

“घ्या की,” मी म्हणालो. इतक्या लांबून विमानानं आल्यावर माणसाला दोन दिवस पडून राहावंसं वाटणारच, असा मी त्याचा अर्थ लावला. मग तिनं खुलासा केला. तिकडे लोक म्हणे शुक्रवारी संध्याकाळी एक पिशवी खांद्याला लावून दुसऱ्या शहरात जातात, दोन रात्री राहतात, प्यायचं ते पितात, पाहायचं ते पाहतात आणि सोमवारी कामावर हजर होतात. एडिंबरोचे ग्लासगोला जातात आणि ग्लासगोचे एडिंबरोला. मधलं अंतर रेल्वेनं तासाभराचं. आपल्याकडे गिरगावातला गृहस्थ शनिवार-रविवार विरारला जाऊन राहिला, तर चाळीत पहिली शंका नवरा-बायकोच्या भांडणाची येईल आणि दुसरी कर्जाची.

आमच्या पिढीत परगावी जाण्याची कारणं ठरलेली. लग्न, मुंज, तेरावं, कोर्टाची तारीख, नाहीतर मे महिना. विनाकारण जाणारा माणूस एक तर साधू तरी असे, नाहीतर विम्याचा एजंट. असो.

भाचीचे प्रश्न तीन होते. राहायचं कुठे, प्यायचं कुठे आणि पाहायचं काय? “आणि मामा, गेटवे, ताज, तसलं सांगू नकोस. ते कुठल्याही पुस्तकात मिळतं. गिरगाव, दादर, लालबाग सांग. त्याला आईची मुंबई दाखवायचीय.”

‘त्याला’ म्हणजे आमच्या जावयांना. ते स्कॉटिश आहेत. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी गेली. जावयांनी सासूबाईंना पाहिलं ते व्हिडिओ कॉलवरच. आणि आमची ताई फोन अशा काही कोनात धरायची की पलीकडच्याला तिचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसे. चार वर्षं या गृहस्थांनी त्या पंख्याला नमस्कार केला. तेव्हा मी जबाबदारी अंगावर घेतली, आणि वही-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला प्रश्न राहण्याचा. जन्म गिरगावात काढला, पण परक्या माणसानं गिरगावात कुठे उतरावं, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. कारण गिरगावात परकं कुणी येतच नसे. येई तो कुणाचा तरी मेव्हणा, आतेभाऊ, कुळागरातला वाटेकरी, नाहीतर ‘तुमच्या काकांनी पत्ता दिला’ असं म्हणत जिन्यात उभा राहिलेला इसम. उतरायला जागा नव्हत्या असं नाही. गिरगावात माधवाश्रम होता. जरा पलीकडे क्रॉफर्ड मार्केटसमोर सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा अंतही तिथेच झाला. पण लोकमान्यांची गोष्ट वेगळी. साध्या माणसानं लॉजवर उतरणं हा नातेवाइकांचा उघड अपमान. माझ्या वडिलांचे एक आतेभाऊ १९६४ साली कचेरीच्या कामाला येऊन परस्पर लॉजवर राहून गेले. त्यांच्याकडच्या पुढल्या तीन लग्नांना आमच्याकडून कुणी गेलं नाही.

आमची खोली दहा बाय बारा. पुढे गॅलरी, मागे मोरी, वर माळा. त्यात आम्ही सात माणसं आणि वर पाहुणे. पाहुणा आला की अडचण होते, हे मला नोकरीला लागल्यावर एका सहकाऱ्याच्या ब्लॉकमध्ये गेलो तेव्हा प्रथम कळलं. आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही मुलं गॅलरीत झोपायला मिळतं म्हणून खूष.

आणि गिरगाव तरी बरं. लालबाग-परळला याच्या वरताण सोय होती. तिथे ‘गावकीच्या खोल्या’ असत. कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावानं मिळून एक खोली भाड्यानं घेतलेली. त्या गावचा गिरणीत लागलेला प्रत्येक माणूस तिचा भाडेकरू. एका खोलीत वीस-तीस जण. गिरण्या तीन पाळ्यांत चालत म्हणून हे जमे. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीहून आलेला त्याच वळकटीवर अंग टाकी. अंथरुणाला थंड व्हायला सवड मिळत नसे. हीच कल्पना पुढे ‘टाइम शेअरिंग’ म्हणून माथेरान-महाबळेश्वरात हप्त्यांवर विकली गेली. जेवणाची सोय खाणावळवालीकडे. कुणाची तरी बायको किंवा विधवा बहीण महिन्याच्या बोलीवर दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या बडवी. पैसे पगाराला, आणि पगार बुडाला तर पुढल्या पगाराला. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

गोवेकरांची पद्धत निराळी. धोबीतलावच्या जेर महालात त्यांच्या ‘कूड’. एका गावाची एक कूड. बोटीवरचे खलाशी, आचारी पुढली बोट लागेपर्यंत तिथे मुक्काम ठोकत. माणसाला जागा एका पेटीपुरती. मात्र संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी लागे. चाळीतल्या आरतीला दांडी मारता येई, तिथे ती सोय नव्हती.

मोठी माणसंही अशीच राहत. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. शाहू महाराज त्यांना भेटायला आले ते याच चाळीत. पुढे दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून. माणसांना काय, माणसं चाळीत मावतात.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मामा, हे फार इंटरेस्टिंग आहे, पण आम्ही नक्की राहायचं कुठे?”

तेव्हा मी मरीन ड्राइव्हवरच्या एका हॉटेलात चौकशी केली. समोरच्या बाईंनी फारच गोड आवाजात एका रात्रीचा आकडा सांगितला. आमची खोली पागडीची. भाडं महिना एकशे बारा रुपये. मी कागदावर हिशेब मांडला. त्या हॉटेलात एक रात्र झोपण्याच्या पैशात आमच्या खोलीचं सतरा वर्षांचं भाडं भागत होतं. भाचीला कळवलं. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, “मामा, खरं सांगू? आम्हाला तुझ्याकडेच राहायचंय. आईच्या खोलीत. दिवाळीनंतर चाळ रिकामी करायचीय ना?”

दिवाळीनंतर चाळ रिकामी करायची आहे, हे खरं. पुनर्विकासाची बोलणी बारा वर्षं चालली होती, आणि ती आमच्या हयातीत संपणार नाहीत या भरवशावर आम्ही सगळे निर्धास्त होतो. ती संपली. आता बिल्डर पर्यायी जागेचं भाडं देणार, आम्ही तीन-चार वर्षं कुठेतरी डोंबिवली-बोरिवलीकडे काढणार, आणि जगलो वाचलो तर परत येऊन बाविसाव्या मजल्यावर स्वतंत्र संडासाचे मालक होणार.

संडास हा शब्द आलाच आहे, तर आमच्या घरातला पुढला प्रसंग सांगून टाकतो. जावई खोलीत राहणार म्हटल्यावर ही घाबरली ती त्यांच्या उंचीला नव्हे. उंची सहा फूट तीन इंच. माळ्याच्या तुळईला दोन दिवस डोकं आपटेल, तिसऱ्या दिवशी निघून जातील, असा तिचा व्यवहारी विचार. पण मजल्यावर बिऱ्हाडं अकरा आणि संडास चार, तेही गॅलरीच्या टोकाला. “विलायतेच्या माणसाला बादली घेऊन रांगेत उभं करणार तुम्ही?” मी म्हटलं, “अगं, रांग ही त्यांचीच देणगी. आपण बादली दिली.” तिला विनोद आवडला नाही. तिनं नवी प्लास्टिकची बादली आणली, तीसुद्धा झाकणाची. चाळीच्या इतिहासात झाकणाची बादली तीच पहिली.

प्रत्यक्षात जावई पहिल्याच सकाळी नंबर लावून उभे राहिले आणि आठ वाजेपर्यंत त्यांच्या मजल्यावरच्या निम्म्या पुरुषांशी ओळखी झाल्या. घरी परतले ते तीन नवे मराठी शब्द घेऊन. त्यातला एक भाचीनं त्यांना लगेच विसरायला लावला.

आता पिण्याचं. स्कॉटलंडच्या माणसाला ‘काय घेणार?’ असं विचारताना मराठी यजमानाच्या पोटात गोळा येतो. हे म्हणजे पुरणपोळी करणाऱ्या घरी बेकरीची बिस्किटं पुढे करणं. जावयांनी येताना माझ्यासाठी एक बाटली आणली होती. तिचं लेबल वाचूनच मला थोडी चढली. पण चाळीत बाटली ठेवायची कुठे? आमच्या पिढीचं सारं बालपण दारूबंदीत गेलेलं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परमिट लागे, आणि ते प्रकृतीसाठी मिळे. आमच्या चाळीत एका निवृत्त हेडक्लार्कांकडे तसं परमिट होतं. सगळी चाळ त्यांच्याकडे हळहळून पाही. इतका धडधाकट दिसणारा माणूस आणि सरकारदरबारी आजारी! संध्याकाळी ते दार लोटून ‘औषध’ घेत आणि रात्री फार सुरेख नाट्यसंगीत गात.

कायद्यानं हे परमिट आजही लागतं, हे ऐकून जावयांना अत्यानंद झाला. त्यांना कोनाड्यातली गणपतीची मूर्ती नको होती, पैठणी नको होती, त्यांना ते परमिट हवं होतं. आजोबांच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावणार म्हणाले.

पण गिरगावचं म्हणून खरं पेय कोणतं, असं त्यांनी खोदून विचारलं तेव्हा मी त्यांना पियूष पाजायचं ठरवलं. पियूष म्हणजे पातळ केलेलं श्रीखंड, असं म्हणणाऱ्याला पियूष कळलेलं नाही. श्रीखंड आणि ताक यांचा तो संसार आहे. जायफळ, वेलची, केशर ही त्यातली सासरची माणसं. दादरच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणावड्याची बशी पुढे ठेवून पियूषाचा पेला ओठाला लावला की माणूस काही काळ कुणाशी बोलत नाही. जावई बोलले नाहीत. पेला खाली ठेवल्यावर त्यांनी भाचीला हळूच विचारलं, “हे किती वर्षं मुरवतात?” सकाळी केलेलं असतं म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

तिथून स्टेशनकडे येताना भाचीनं एक पाटी वाचली, ‘मामा काणे यांचे स्वच्छ उपहारगृह’. जावयांना मराठीतले शब्द तोवर जेमतेम पाच येत होते, त्यातला ‘मामा’ हा पहिला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं हॉटेल आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत!” शंभरी ओलांडलेल्या त्या हॉटेलचा मालक म्हणून मी दहा मिनिटं मिरवलो. बटाटेवड्याचे पैसे देताना मात्र खरं सांगावं लागलं.

इराण्याकडेही नेलं. धोबीतलावचा कयानी १९०४ चा. वाकड्या पायांच्या काळ्या खुर्च्या आणि चहात बुडवायचा ब्रूनमस्का. ज्या इराण्यांच्या टेबलांवर आम्ही एका चहावर दोन-दोन तास क्रांत्या केल्या ते बहुतेक गेले. त्यांच्या जागी आता औषधांची दुकानं आणि बँका आहेत. तिथे दोन तास बसू देत नाहीत. बँकेत बसावं लागतं, ते निराळं.

पाहण्याच्या बाबतीत मात्र माझी पंचाईत झाली. मी त्यांना घेऊन गिरगावात फिरू लागलो आणि पहिल्या पाऊण तासातच माझ्या लक्षात आलं की माझं प्रत्येक वाक्य ‘इथं होतं’ असं संपतंय. “दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लागला ते कोरोनेशन थिएटर या बाजूला होतं. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला ते मॅजेस्टिक इथं होतं. इथं माझ्या मुंजीतल्या वाजंत्र्यांचं दुकान होतं. इथं तुझ्या आईला ट्रामनं धक्का देता देता राहिला, ती ट्राम इथं होती.” जावई प्रत्येक ठिकाणी मान वर करून आकाशाकडे बघत आणि फोटो घेत. त्यांच्या कॅमेऱ्यात गिरगावचं आकाश बरंच गेलं असावं.

शिल्लक आहे तेही दाखवलं. केशवजी नाईकांच्या चाळी, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आणि १९०१ साली लोकमान्य येऊन गेले. खोताची वाडी, लाकडी जिन्यांची आणि रंगीत खिडक्यांची. तिथली जुनी घरं एके काळी पासष्ट होती, आता तिशीच्या आत. तिथे अनंताश्रम नावाची एक खानावळ होती. मासे अप्रतिम, आणि वाढपी गिऱ्हाइकाला असं वागवीत की आपण पैसे देऊन जेवतोय की उधारी चुकवतोय ते कळू नये. तीही आता ‘इथं होती’ या सदरात.

मेट्रो मात्र नवी. जमिनीखालचं गिरगाव स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं. त्यासाठी वरच्या काही इमारती गेल्या. जावयांना ते फार आवडलं. सरकत्या जिन्यानं खाली उतरताना ते म्हणाले, “मामा, हे आहे!” मी दोन तास फिरवलं त्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ‘आहे’ असं सापडलं होतं.

चौपाटीवर मात्र बाजी उलटली. समोर विल्सन कॉलेजची इमारत, १८८९ सालची. मी म्हटलं, “हे तुमचे.” जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत आला, आणि १८३२ साली त्यानं गिरगावात काढलेल्या शाळेचं पुढे हे कॉलेज झालं. आला होता धर्म शिकवायला, पण मराठी इतकी शिकला की मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली तेव्हा मराठी भाषेवरची टिपणं त्यात यानं लिहिली. हे ऐकून जावई ताठ झाले. एल्फिन्स्टनही स्कॉटलंडचाच, हे कळल्यावर आणखी एक इंच वाढले. पण एल्फिन्स्टन रोड स्टेशन बघू म्हणाले, तर ते जुलै २०१८ पासून प्रभादेवी झालेलं. ‘इथं होतं’च्या यादीत त्यांचाही माणूस आला म्हणताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उरता राहिली माहीमची बॉम्बे स्कॉटिश शाळा. ती मी बसमधूनच दाखवली. तिथे मुलाला प्रवेश मिळवण्यापेक्षा स्कॉटलंडचं नागरिकत्व सोपं, असं दादरचे पालक म्हणतात.

राणीच्या बागेतही गेलो. बाहेरच्या रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं, आणि आत पेंग्विन वातानुकूलित दालनात उभे. २०१६ साली ते आले तेव्हापासून मुंबईत जागेचा, पाण्याचा आणि एसीचा प्रश्न सुटलेले एवढेच रहिवासी. शेजारी १८७२ चं म्युझियम, भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं. आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आणि काळ्या घोड्यावरून उतरायची संधी न मिळालेला सातवा एडवर्ड. १९६५ साली त्याला घोड्यासकट इथे आणून ठेवलं. ज्या चौकातून हलवला त्याला लोक अजून काळा घोडा म्हणतात. माणूस गेला तरी पत्ता राहतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लालबागला जायचं होतं. लालबाग हिचं माहेर. हिचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाला अलीकडे भेटायला चोवीस तासांची रांग असते, पण हिला त्याचं कौतुक नाही. “आमच्या लहानपणी तो गल्लीतलाच होता,” असं ती एखाद्या पुढे मोठ्या पदाला चढलेल्या वर्गमित्राबद्दल बोलावं तसं बोलते. चिवड्याच्या गल्लीतून हिनं जावयांसाठी किलोभर चिवडा घेतला. मग भाची म्हणाली, जवळच लोअर परळला एका गिरणीच्या आवारात बिअर गाळतात, तिथे जाऊ. पिण्याचं ठिकाण एक तरी पाहायला हवं ना.

टॅक्सी थांबली आणि ही उतरेना. मला वाटलं, दारूचं दुकान म्हणून लाजतेय. ती गेटाकडे बघत होती. म्हणाली, “हेच गेट. बाबांचा डबा घेऊन मी इथपर्यंत यायचे. भोंगा झाला की पोरं आत, पुरुष बाहेर. मला आत कधी सोडलं नाही.”

आता सोडलं. गेटावरच्या पहारेकऱ्यानं पर्स उघडून पाहिली, त्यात चिवडा होता. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाला. हिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पर्स बंद करून तिच्या हातात दिली. आत उंच छत, लोखंडी खांब, विटांच्या भिंती मुद्दाम उघड्या ठेवलेल्या, आणि इतकं संगीत की साचेखात्यात याहून शांतता असावी. ही सगळीकडे बारकाईनं बघत हिंडली. एका कोपऱ्यात उभी राहून म्हणाली, “इथं असतील का हो बाबांचे साचे?” मी म्हटलं, असतील. मला काय ठाऊक?

जावयांना भाची सांगत होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार संपावर गेले. साठेक गिरण्या. हिचे वडीलही. वर्षभरानं त्यांनी कोपऱ्यावर कांदे-बटाटे विकायला घेतले आणि त्या वाटेनं जाणाऱ्या नातेवाइकांकडे मान वर करून बघणं सोडलं. जावई ऐकत होते. त्यांचे आजोबा ग्लासगोला क्लाइड नदीच्या काठी जहाजाच्या गोदीत रिवेट ठोकीत. गोद्या एकेक बंद पडत गेल्या. अशाच एका बंद पडलेल्या गोदीच्या जागी आता मोठं म्युझियम आहे, म्हणाले. आत जायला पैसे पडत नाहीत, आजोबा नुसते बसायला तिथे जात. मग मेनूकार्ड आलं. हिनं लिंबूपाणी मागवलं. बिल आल्यावर तिनं ते चष्मा लावून वाचलं. लिंबूपाणी तीनशे वीस रुपये. “एवढ्यात बाबांनी महिना काढून वर गावाला मनीऑर्डर केली असती,” असं म्हणून तिनं पेल्यातला बर्फसुद्धा चावून खाल्ला. जावयांनी पैसे दिले. हिनं पर्समधून चिवड्याची पुडी काढून टेबलावर मधोमध ठेवली आणि आम्ही चौघांनी ती तिथेच संपवली. कुणी काही बोललं नाही.

रात्री झोपायची व्यवस्था जुनीच. जावई गॅलरीत, कारण खोलीत ते तिरके केल्याशिवाय मावत नव्हते. भाची कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या पट्ट्यात. ती जागा ताईची. मॅट्रिकचा अभ्यास तिनं तिथेच केला, आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेली बीजगणिताची सूत्रं तीन रंगांखालून अजून उठतात. भाची मोबाइलचा दिवा लावून बराच वेळ भिंत वाचत होती. पहाटे साडेचारला पाणी आलं, पंप सुरू झाला, अकरा बिऱ्हाडांच्या बादल्या वाजल्या. मला वाटलं जावई दचकून उठतील. बघतो तर ते आधीच उठलेले, आणि शेजारच्या आजींची कळशी उचलून देत होते. आजी त्यांना मालवणीत कळशी नीट धरायला शिकवत होत्या आणि ते इंग्रजीत हो म्हणत होते.

निघायच्या दिवशी जावई अकराला बॅग भरून दाराशी तयार. हॉटेलची सवय. “चेक-आउट किती वाजता?” असं त्यांनी हिला विचारलं. भाचीनं भाषांतर केलं. ही म्हणाली, “जेवल्याशिवाय कसलं चेक-आउट? पानं घेतलीयेत.” वालाचं बिरडं, भरली वांगी, आणि जावई म्हणून शिरा. जमिनीवर बसताना त्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न आला, तो त्यांनी पाय गॅलरीत सोडून सोडवला.

वाढता वाढता ही नेहमीच्या सवयीनं म्हणाली, “दोन दिवस म्हणजे काय येणं झालं? पुढल्या खेपेला चांगले आठ दिवस काढून या.”

भाचीनं ते इंग्रजीत सांगितलं. जावयांनी हातातला घास खाली ठेवून विचारलं, “कुठे?”

भाची माझ्याकडे बघू लागली. मी हिच्याकडे.

“आधी शिरा घ्या,” ही म्हणाली, “गार होतोय.”